तिसरी खूण

देवास, रविवार १९ जानेवारी २०२५

अजेय,

साबणाच्या डबीतला दोन ट्रान्झिस्टरांचा रेडिओ, १९८८; मी पंधरा वर्षांचा, तू नऊचा, आणि त्याचं बटण तू पहिल्याच दिवशी उपटलंस. धारच्या घरचा स्टॅबिलायझर, १९९४. तांब्याच्या तारेचे सहाशे चाळीस वेढे, तोंडानं मोजून घातलेले, आजही चालू आहे, जाऊन हात लावून बघ. तुझ्या लग्नाच्या मांडवाची रोषणाई, २०००. अकराशे बल्ब, एकही उडाला नाही. पीपलरावां गावातल्या सतरा शेतकऱ्यांच्या विहिरींवर बसवलेल्या पेट्या, २००९. घरून मिस्ड कॉल दिला की शेतातली मोटर सुरू. आईचं बोलणारं घड्याळ, २०१३, तिच्या मोतीबिंदूनंतर. आणि सांगावा, आपल्या घरासाठी केलेलं निरोपांचं ॲप, २०१६.

यातलं काहीही मला कोणी शिकवलेलं नाही. बारावी नापास माणूस, कारखान्यात मोटरींत तार भरणारा. प्रोग्राम लिहायला बेचाळिसाव्या वर्षी शिकलो, रद्दीवाल्याकडून किलोवर घेतलेल्या पुस्तकांतून. हे सगळं तुला ठाऊक आहे. तरी लिहितो, कारण आईच्या तेराव्याला पानं मांडलेली असताना तू चौदा माणसांसमोर म्हणालास, “अरे यार, त्या दिवशी दादाचं ॲप हँग होतं. आईचा मेसेज पोचलाच नाही. मशीन है, दादाची काय चूक?”

सुभद्रामावशीनं लगेच माझ्या पाठीवर हात ठेवला. “हो रे बाबा, मशीनचा काय भरवसा.” कोणी तरी म्हणालं, “भिया, आता तरी व्हॉट्सॲपवर या.” मी ताटावर होतो, बोललो नाही.

आता बोलतो. सांगावा हँग नव्हता.

मंगळवार ३१ डिसेंबर. आईचा निरोप तिच्या फोनवरून निघाला संध्याकाळी सहा वाजून बेचाळीस मिनिटं सतरा सेकंदांनी. इथे माझ्या मशीनवर आला एकोणिसाव्या सेकंदाला. त्या दिवशी देवासला लाईट गेली होती, पण ती सात दहा ते सात चौतीस, म्हणजे नंतर. आणि मशीन इन्व्हर्टरवर आहे, त्याला लाईट गेल्याचं कळतसुद्धा नाही. आठ वर्षांत सांगाव्यावर एकही निरोप हरवलेला नाही. नोंदी सोबत जोडल्या आहेत, दोन पानं.

तू विसरला असशील म्हणून खुणांचंही सांगतो. पहिली खूण, निरोप निघाला. दुसरी, पोचला. तिसरी आपोआप पडत नाही. ज्याला निरोप आहे त्यानं तो वाचावा किंवा ऐकावा, आणि मग अंगठ्यानं ‘कळलं’ दाबावं, तेव्हा पडते. आणि पाठवणाऱ्याच्या फोनवर घंटी वाजते. तुमच्या त्या निळ्या खुणांसारखं नाही. माणूस फोन उघडा टाकून भाजीवाल्याशी घासाघीस करत असला तरी तुमच्याकडे निळं होतं, आणि समोरचा समजतो याला कळलं. ते खोटं आहे. माझ्याकडे खोटं चालत नाही.

आईला ही घंटी फार आवडायची. ती देवघरातल्या घंटीचीच आहे, मीच रेकॉर्ड केली होती.

तेव्हा माझ्या कामाला नाव ठेवू नकोस. चौदा माणसांना जे सांगितलंस ते चौदा माणसांना परत सांग, की मशीन चालू होतं.

आणि पत्रावर श्री घातलेला नाही, घरात कोणी गेलं की वर्ष सरेपर्यंत घालत नाहीत. मोबाइलवाल्यांना हे सांगावं लागतं.

अंबरीश


देवास, गुरुवार ३० जानेवारी २०२५

अजेय,

पत्राचं उत्तर पत्रानं द्यावं. तू तुझ्या वहिनीच्या, सरलाच्या फोनवर व्हॉट्सॲप केलंस, तेही इंग्रजी अक्षरांत मराठी आणि त्यात हिंदी. ती स्वयंपाकघरात होती, मीच वाचलं. मला ते तीनदा वाचावं लागलं. तुझं वाक्य इथे आपल्या लिपीत उतरवतो, म्हणजे तूही एकदा वाचशील: “दादा लेटर मिला. सेकंद तक लिखा है तूने. तुझ्या मशीनवर आला म्हणजे तुझ्या फोनवर पण आला ना. मग तू ऐकला कधी”

पुढे प्रश्नचिन्ह नाही. जोडलेल्या हातांचं चित्र आहे.

जोडलेल्या हातांबद्दल बोलतो. आई गेली त्या दिवशी तुमच्या ग्रुपवर एकेचाळीस जणांनी जोडलेले हात टाकले. सरलानं दाखवले. त्यांच्या वर सकाळी कोणी तरी सूर्यफुलावर सुप्रभात टाकलं होतं, तेही तिथेच. एका भाच्यानं अंगठा वर केला. आजी गेली, तर अंगठा वर! पूर्वी अशा बातमीचं कार्ड घरात ठेवत नसत, वाचून फाडायचे. तुम्ही ते सुप्रभाताच्या खाली ठेवलंत.

हे मी विषय बदलतोय असं तुला वाटेल. वाटू दे. विषय कुठे सुरू झाला ते आधी बघ.

२०२१ साली सांगाव्यावर आपली चौतीस माणसं होती. धार, देवास, इंदूर, एक सोनकच्छची. प्रत्येकाच्या फोनवर मी स्वतः बसून घालून दिलं. सुभद्रामावशीसाठी अक्षर दुप्पट केलं. मग तू ग्रुप काढलास. मी विचारलं, “का रे? इथे काय कमी आहे?” तू म्हणालास, “दादा, इथे कोणी येतच नाही ना यार. सारी दुनिया वहाँ है. स्टेटस है, स्टिकर है. तुझ्याकडे फक्त बोलायचं, आणि वर कळलं दाबायचं. लोगों को टेन्शन होता है.”

टेन्शन! ऐकलं म्हणून सांगायचं, याचं टेन्शन. आठ दिवसांत एकतीस माणसं गेली. उरलो मी, सरला आणि आई. तू आईलाही नवा फोन दिलास, त्यात तुमचं हिरवं घातलंस. तिनं ते उघडलं नाही. म्हणाली, “मला अंबूचंच बरं. मोठं बटण आहे, घंटी वाजते. माणसाला कळलं की कळतं.” तुम्ही सगळे हसलात. तुझी अल्पना म्हणाली, “आई, तुमचं प्रायव्हेट चॅनल झालं हं.”

आणि मग नोव्हेंबरची चोवीस तारीख, रविवार, उर्वीचा साखरपुडा. आपल्या घरात थोरल्याच्या घरी अक्षत ठेवल्याशिवाय बाहेर बोलावणं जात नाही. बाबांनी बळवंतकाकांकडे अक्षत ठेवायला मला आणि तुला बसनं पाठवलं होतं, तू उलटी केली होतीस, आठवत असेल. माझ्या पुतणीच्या साखरपुड्याचं बोलावणं मला कसं आलं? आलंच नाही. ज्या ग्रुपमध्ये मी नाही त्या ग्रुपवर तू एक चमचमणारं कार्ड टाकलंस, मागे सनई वाजत होती. सरलानं विचारलं, “अहो, आपण केव्हा निघायचं?” तेव्हा मला कळलं की माझी पुतणी आहे आणि तिचं लग्न ठरलंय.

मी आलो नाही. सरलालाही जाऊ दिलं नाही. तू फोन केला नाहीस. तुझ्या फोनमध्ये तीन ॲप आहेत, घरचं वेगळं, टाइल्सच्या दुकानाचं वेगळं, आणि ते तिसरं ज्यात मेसेज दुसऱ्या दिवशी पुसले जातात. तीन ॲप, भाऊ एक.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर मी देणार नाही असं नाही. पण आधी याचं दे.

अंबरीश


देवास, सोमवार १० फेब्रुवारी २०२५

अजेय,

काल उर्वी आली होती. एकटी, धारहून बसनं. तू पाठवलंस की ती आपणहून आली, ते मी विचारलं नाही. पिशवीतून आईचा फोन काढून टेबलावर ठेवला. “पप्पा बोले, काकांना दे. बोले यात तुमचंच ॲप आहे, काकाच बघतील.”

मी म्हटलं, “साखरपुड्याचं अभिनंदन.”

“थँक यू काका.” मग म्हणाली, “तुमचे लेटर्स मला वाचता येत नाहीत. मतलब, मराठी पढ़ लेती हूँ, पण हातानं लिहिलेलं नाही जमत. पप्पा जोरानं वाचतात, मम्मीला ऐकवतात. बीच में रुक जाते हैं.”

“कुठे थांबतात?”

“सेकंद आले की.”

सरलानं तिला पोहे दिले. ती खाता खाता सांगत होती आणि मी पेचकस पुसत बसलो होतो. पुसायची काही गरज नव्हती. ती म्हणाली, “काका, पप्पा पहिल्याच दिवशी गाडी काढून उभे होते. डॉक्टरनं बोललं होतं इंदूर ले जाओ. आजी बोली, नाही, अंबूला विचारलंय. त्याची घंटी येऊ दे. पप्पा चिढ़ गए. बोले, फोन लावतो त्याला. तर आजीनं फोन हातातून घेतला. बोली, तुम्ही दोघं बोलायला लागलात की भांडाल, माझं राहून जाईल. घंटी आली की तोच करेल फोन. दुसऱ्या दिवशी तिला जरा बरं वाटलं, चहा घेतला, तर बोली, बघ, अंबूनंही म्हणूनच घाई केली नसेल. मग दो तारीख को बुखार वापस.”

मी विचारलं, “आणि तीन तारखेला?”

“तीन को पप्पा ने पूछा ही नहीं. उचलून गाडीत घातलं.” पोह्यांची बशी तिनं खाली ठेवली. “काका, तुमचं ॲप सच में हँग होतं ना?”

सरला ओट्याशी उभी होती. ती माझ्याकडे बघत होती, उर्वीकडे नाही.

मी म्हटलं, “बस चुकेल तुझी.”

ती गेल्यावर आईचा फोन चार्जिंगला लावला. तिच्या बाजूनं सांगावा मी कधी पाहिलाच नव्हता. मोठं बटण, त्यावर माझा फोटो, २०१६ चा, केस होते तेव्हाचा. शेवटचा निरोप, एक मिनिट बावीस सेकंद. खाली दोन खुणा.

आता एक गोष्ट सांगतो, जी मला सोडून कोणाला ठाऊक नाही. प्रोग्राम तपासताना उपयोगी पडावी म्हणून मी त्यात एक नोंद ठेवली होती. निरोप पाठवणारा आपला निरोप पुन्हा उघडून खूण आली का बघायला किती वेळा येतो, त्याची. ती फोनच्या आतच राहते, दिसत नाही, काढावी लागते. मी काढली.

३१ डिसेंबर, नऊ वेळा. १ जानेवारी, एकवीस. २ जानेवारी, तेवीस. ३ जानेवारी, चार. त्यातली शेवटची सकाळी दहा बावन्नला. म्हणजे गाडीत, किंवा गाडीत बसायच्या आधी. ते तुला ठाऊक असेल.

एकूण सत्तावन्न.

मी नोंद दोनदा तपासली. चूक नाही.

अंबरीश


देवास, मंगळवार १८ फेब्रुवारी २०२५

अजेय,

सरला माझ्याशी बोलत नाही. घरातल्या घरात सांगाव्यावर निरोप पाठवते. “जेवण झाकलंय.” “गॅसवाला आला होता.” मी ‘कळलं’ दाबतो, आतून घंटी ऐकू येते. काल आला तो असा: “तुम्ही भावजींना लिहिणार की मी सांगू.” त्यावरही मी ‘कळलं’ दाबलं. तेव्हा लिहितो.

तू विचारलंस, ऐकला कधी. ३१ डिसेंबर, संध्याकाळी सात वाजून पाच मिनिटं. लाईट जायच्या पाच मिनिटं आधी. नंतर इन्व्हर्टरच्या उजेडात पुन्हा. जेवणाच्या आधी पुन्हा, आणि १ तारखेला सकाळी पुन्हा. चार वेळा.

तुला तिनं काय सांगितलं असेल ते ठाऊक नाही. मला जे सांगितलं ते हे. शब्द तिचे आहेत, एकही इकडचा तिकडे केलेला नाही:

“अंबू, मी बोलत्ये. ऐकू येतंय ना? सकाळपासून पोटात उजवीकडे दुखतंय, आणि हुडहुडी भरत्ये. डॉक्टर म्हणाले इंदूरला ने. अजेय म्हणतो आत्ताच निघू. पण मला ते कापाकापीचं काही समजत नाही बाबा. तू सांग, जाऊ का? तू सांगशील तसं करीन. आणि उर्वीच्या साखरपुड्याचे पेढे तुझ्या नावाचे वेगळे ठेवलेत, स्टीलच्या डब्यात. डबा परत आण. अजेयवर रागवू नकोस, तो धाकटा आहे. घंटी वाजव हं.”

अजेय, मी दुखण्याच्या वाक्यावर थांबलो नाही. मी शेवटाकडच्या वाक्यावर थांबलो. तो धाकटा आहे. सेहेचाळीस वर्षांचा, एका मुलीचा बाप, दुकानाचा मालक. तो धाकटा, आणि म्हणून समजून घ्यायचं ते मीच. सदतीस दिवस मी वाट बघितली होती की तुमच्यातलं कोणी तरी येईल, एवढंच म्हणेल की चुकलं. कोणी आलं नाही, आणि आता पेढे आले होते. मनात म्हटलं, बघू दे हिलाही एक दिवस वाट. असंच म्हटलं, याच शब्दांत. अंगठा बटणावर नेला होता, तो काढून घेतला.

सरला तिथेच होती. “अहो, दाबा ना ते. म्हाताऱ्या बाईला कळू दे की ऐकलंत.”

“दाबतो.”

“मग फोन तरी करा.”

“अजेय आहे ना तिथे. घेऊन जाईल तो.” हेही मी म्हटलं. आणि मला खरंच वाटलं होतं की तू नेलं असशील, तुला कोणाला विचारायची सवय कुठे आहे!

दुसऱ्या दिवशी का नाही दाबलं, तेही सांगतो, कारण ते पहिल्या दिवसापेक्षा वाईट आहे. खुणेबरोबर दाबल्याची वेळ जाते. ते मीच केलं होतं, लोकांनी टाळाटाळ करू नये म्हणून. आता दाबलं असतं तर आईला दिसलं असतं, निरोप काल सहा बेचाळीसला पोचला, कळलं आज अमुक वाजता. मग का उशीर, हे सांगावं लागलं असतं. जितका वेळ गेला तितकं दाबणं अवघड होत गेलं. २ तारखेला तर मी फोन कपाटात ठेवला. सरलानं पुन्हा विचारलं, मी तिच्यावर ओरडलो, की आमच्या मायलेकांच्यात पडू नकोस.

३ तारखेला दुपारी तुझा फोन आला, साधा फोन, कुठल्याच ॲपवर नाही. “दादा, इंदूरला ये. लवकर ये.” मी पंचेचाळीस मिनिटांत पोचलो. तिला शुद्ध नव्हती. डॉक्टर तुला सांगत होते, पित्ताशयात पू झाला होता, तीन दिवस आधी आणलं असतं तर नळी घालून काढला असता. तू मान खाली घालून ऐकत होतास. मीही मान खाली घातली. दुसऱ्या दिवशी सकाळी ती गेली.

तेराव्याला तू जे बोललास ते तू का बोललास, हे मला त्या दिवशी कळलं नाही. मला वाटलं, तू माझ्या कामाला नाव ठेवतोयस. तू मला वाट काढून देत होतास. चौदा माणसांसमोर, पानावर बसून, तू यंत्राच्या माथी मारलंस, म्हणजे माझ्या माथी येऊ नये. आणि मी घरी येऊन तुला दोन पानं नोंदी पाठवल्या, मशीन चालू होतं हे सिद्ध करायला. तू विचारलं नसतंस तर माझ्या ध्यानात आलं नसतं की मी काय सिद्ध केलं.

माफी मागत नाही. माफी मागितली की तुला काही तरी करावं लागेल, एक तर द्यावी लागेल किंवा नाही द्यावी लागेल. पण तूही ऐक. तुझ्याजवळ माझा नंबर होता. तीन दिवस होता. तिनं हातातून फोन काढून घेतला, असं उर्वी म्हणाली. ब्याऐंशी वर्षांच्या बाईनं. अंगणात जाऊन लावता आला असता. तू लावला नाहीस, कारण तूही वाट बघत होतास, की दादा आधी करेल. हे मी तुझ्यावर टाकत नाही. फक्त नोंद पूर्ण असावी.

चौदा माणसांना सांग. ॲप बंद नव्हतं, अंबरीश बंद होता असं सांग. किंवा तुला सुचेल तसं.

अंबरीश


देवास, रविवार ९ मार्च २०२५

अजेय,

एकोणीस दिवस झाले, तुझं काही आलं नाही. सरलाच्या फोनवरही नाही. सुभद्रामावशीचा फोन आला होता होळीला काय करायचं ते विचारायला, आपलं पहिलं वर्ष म्हणून. तिच्या बोलण्यावरून कळलं की तू तिला अजूनही हँगच सांगितलं आहेस. “तू मनाला लावून घेऊ नकोस रे अंबू, मशीन ते मशीन.” मी हो म्हटलं. बावन्न वर्षांत पहिल्यांदा माझ्या यंत्राला दोष दिला आणि मी हो म्हटलं.

सरला बोलायला लागली आहे. फार नाही. मागचं पत्र मी तिला वाचून दाखवलं होतं. ती म्हणाली, “सगळं लिहिलंत?” मी म्हटलं, सगळं. ते खरं नव्हतं. एक राहिलं आहे, तेव्हा ते तुला लिहितो. हे तिलाही ठाऊक नाही, कोणालाच नाही.

मागच्या वर्षी १७ ऑक्टोबरला, गुरुवारी, इंदूरहून दोन माणसं माझ्याकडे आली होती. सरला सोनकच्छला बहिणीकडे गेली होती. त्यांची एक छोटी कंपनी आहे, दवाखान्यांसाठी निरोप पाठवायचं काम करते. तपासणीची तारीख, औषधाची वेळ असं. पीपलरावांच्या पेट्यांवरून त्यांना कोणी तरी माझं नाव सांगितलं होतं. एक मालक, आणि त्याच्याबरोबर शिवांगी नावाची मुलगी, इंजिनिअर, सव्वीस-सत्तावीसची असेल. मालक खुर्चीवर बसला. ती स्टुलावर, माझ्या मशीनसमोर. तीन तास तिनं माझा प्रोग्राम वाचला, ओळ न् ओळ. मधे एकदा म्हणाली, “अंकल, ये आपने अकेले लिखा है?” मी हो म्हटलं. “कॉलेज?” म्हटलं, नाही. ती पुन्हा पुढे वाचायला लागली. मला आजवर मिळालेलं तेवढंच प्रमाणपत्र.

त्यांना सांगावा विकत हवा होता. तिसऱ्या खुणेसाठी. तशी कोणाकडेच नाही म्हणाले. आपली माणसं पूर्वीसारखी फुकट वापरत राहतील, आईचं मोठं बटण तसंच राहील, माझं नावही आत राहील, सगळं कबूल. त्यांनी एकच बदल मागितला. १५ डिसेंबरपासून, सगळ्यांच्या फोनवर.

शिवांगी म्हणाली, “बस अंकल, मेसेज दस सेकंड खुला रहे, तो तीसरा निशान अपने आप पड़ जाए.”

मी म्हटलं, “नाही. ते माणसानंच दाबायचं. नाही तर तिसऱ्या खुणेला अर्थ काय?”

“और किसी ने सुन लिया, पर दबाया नहीं? मरीज़ तो बैठा रहेगा ना. वो समझेगा, पहुँचा ही नहीं.”

“ऐकलंय तर दाबेल की.”

“सब नहीं दबाते अंकल. कोई भूल जाता है. कोई गुस्से में होता है.”

मी म्हटलं, “मग तो त्याचा हक्क आहे.”

ती मालकाकडे बघून हसली, वाईट नाही, थकल्यासारखी. मालक म्हणाला, विचार करा, दिवाळीनंतर कळवा. मी म्हटलं, विचार झाला आहे. त्यांना चहा दिला आणि फाटकापर्यंत सोडलं. मला फार बरं वाटत होतं त्या दिवशी. एवढे शिकलेले लोक येतात आणि आपण नाही म्हणतो.

आईचा निरोप मी ३१ डिसेंबरला पहिल्यांदा ऐकला तेव्हा तो माझ्या फोनवर एक मिनिट बावीस सेकंद उघडा होता. पूर्ण ऐकला होता. तिकडे तिच्या हातात घंटी सात वाजून पाच मिनिटं दहा सेकंदांनी वाजली असती, माझ्या अंगठ्याला न विचारता. मग तिनं तुला म्हटलं असतं, अंबूला कळलं, चल काढ गाडी.

त्यांनी देऊ केले होते एकवीस लाख पन्नास हजार रुपये. मी नाही म्हटलं.

अंबरीश